फिटर ट्रेडचा पहिला दिवस: आयटीआयच्या गेटमधून आत जाण्याआधी

प्रवेश फेरीत नंबर लागला, फी भरली, पावती हातात आली. मग संस्थेकडून एक मेसेज येतो: अमुक तारखेला सकाळी हजर राहावे. काय घेऊन जायचं, काय घालून जायचं, हे त्यात नसतं.

मी दहावीनंतर फिटर ट्रेड केला, म्हणजे लोखंडाचे भाग कापून-घासून मापात बसवायचं काम शिकले. आमच्या घरात तोवर कुणी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं नव्हतं, त्यामुळे विचारायला माणूस नव्हता. पहिल्या दिवशी मी सँडल घालून आणि दप्तरात चार फुलस्केप वह्या भरून गेले. निदेशकांनी (ट्रेड शिकवणाऱ्या सरांनी) पायांकडे बघून सांगितलं, "बूट येईपर्यंत वर्कशॉपमध्ये नाही यायचं." बूट मिळेपर्यंतचे दोन दिवस बाकीची मुलं आत कानस (लोखंड घासायचं हत्यार) धरायला शिकत होती आणि मी वर्गात बसून होते. त्याहून मोठा घोळ कागदांवरच्या नावाचा झाला, आणि तो सुटेपर्यंत दिवाळी होऊन गेली. दोन्ही गोष्टी आधीच्या आठवड्यात करता आल्या असत्या. ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

हे फिटर ट्रेड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना हत्यारांचा भाग वेगळा असेल, पण कागद, बूट आणि बँक खातं यांबद्दलचं सगळं तसंच लागू पडतं.

१. कशाला जातोय ते आधी नीट समजून घ्या

फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. एका तुकडीत २० प्रशिक्षणार्थी असतात. वर्षाचे प्रशिक्षणाचे तास १२००, आणि त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे. म्हणजे शाळेत जसं बाकावर बसायची सवय झाली, तसं इथे नाही. दिवसाचा मोठा भाग तुम्ही उभे असणार, हातात हत्यार असणार आणि समोर व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या पकडीत) लोखंड.

परीक्षेचा हिशोबही पहिल्याच दिवशी माहीत असू द्या. प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीला ३३. दहावीच्या ३५ची सवय असलेल्या मुलांना हे उशिरा कळतं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. "थिअरी वाचून काढीन" म्हणणाऱ्याचं इथे निभावत नाही, कारण हात वाचून बसत नाही.

२. नाव: सगळ्या कागदांवर एकच आहे का?

या लेखातलं काहीच करणार नसाल तरी एवढं करा. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि बँक पासबुक हे चार कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. मोठ्याने, अक्षर अक्षर वाचा. मराठीतलंही आणि इंग्रजीतलंही.

आपल्याकडे गोंधळ कुठे होतो ते सांगते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर बऱ्याच जणांचं फक्त नाव आणि आडनाव असतं, वडिलांचं नाव गायब. बँकेत ज्याने फॉर्म भरला त्याला सुचलं तसं. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर: 'श्री'मध्ये कुठे आय, कुठे डबल ई, 'पाटील'मध्ये कुठे ए, कुठे डबल ए. माझ्या वडिलांच्या नावात गुणपत्रिकेवर एक अक्षर जास्त होतं. शाळेच्या इतक्या वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

फरक का नडतो? संस्था तुमची नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधारवरून करते. दोन वर्षांनी मिळणाऱ्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रावर त्याच नोंदणीतलं नाव येतं. पुढे अप्रेंटिसशिपला, कंपनीत, रेल्वेच्या भरतीत गुणपत्रिका आणि हे प्रमाणपत्र शेजारी ठेवून बघतात. तेव्हा दुरुस्तीला धावण्यापेक्षा आज धावणं सोपं.

दुरुस्ती कुठे करायची हा पुढचा प्रश्न. सर्वसाधारणपणे दहावीची गुणपत्रिका मूळ धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. गुणपत्रिकेतच चूक असेल तर अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून शाळेत आजच जा. आधारवरचं नाव बदलायचं असेल तर सांभाळून. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. केंद्रावर गर्दी असते, ऑपरेटर घाईत असतो. त्याने टाइप केलेलं स्क्रीनवर स्वतः वाचल्याशिवाय आणि पावती तपासल्याशिवाय उठू नका. चुकीचं टाइप झालं तर त्या दोनमधली एक संधी गेली.

पहिल्या दिवसापर्यंत दुरुस्ती होऊन आली नाही तरी घाबरू नका. अर्जाची पावती फाइलमध्ये लावा आणि नोंदणी करणाऱ्या लिपिकांना आधीच सांगा: "सर, माझ्या नावाची दुरुस्ती टाकलेली आहे." हे त्यांना फॉर्म भरण्याआधी कळलं पाहिजे, नंतर कळून फायदा नाही.

३. कागदांची फाइल

प्रवेशाच्या वेळी सगळं दाखवलेलं असतं, म्हणून पहिल्या दिवशी मोकळ्या हाताने जाऊ नका. पुन्हा मागतात. एका चेनच्या फाइलमध्ये हे ठेवा:

- प्रवेश निश्चितीचं पत्र आणि फीची पावती
- दहावीची गुणपत्रिका, मूळ आणि तीन झेरॉक्स
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्डाच्या चार झेरॉक्स
- जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र
- बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दहा फोटो, सगळे एकाच वेळी काढलेले
- रक्तगट लिहिलेला कागद (ओळखपत्रासाठी लागतो)

शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत संस्थेकडे जमा होते आणि कोर्स संपेपर्यंत तिथेच राहते. देण्याआधी पाच-सहा झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर स्पष्ट स्कॅन ठेवा. गुणपत्रिकेची मूळ प्रत मात्र बघून परत मागून घ्या. मूळ कागद ठेवून घेतला तर पोच घ्या. पोच मागताना संकोच वाटतो, मलाही वाटायचा, पण तो आपला हक्क आहे आणि कुणी रागावत नाही.

नॉन-क्रीमी लेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर मुदत छापलेली असते. ती बघा. संपत आली असेल तर सेतू किंवा आपले सरकार केंद्रात लगेच अर्ज टाका. शिष्यवृत्तीच्या दिवसांत तिथे रांग लागते.

४. बँक खातं

शिष्यवृत्ती आणि फीचा परतावा महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून थेट खात्यात येतो. थेट म्हणजे आधारशी जोडलेल्या खात्यात. इथे एक सापळा आहे. "माझं खातं आधारला लिंक आहे," असं प्रत्येक जण सांगतो, कारण खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिलेली असते. ती झाली केवायसी, म्हणजे नुसती ओळखीची पडताळणी. सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधार त्या खात्याशी 'सीड' झालेलं, म्हणजे पैसे जमा होण्यासाठी जोडलेलं असावं लागतं आणि त्यासाठी बँकेत वेगळा फॉर्म भरावा लागतो. एका वेळी एकच खातं असं जोडलेलं राहतं. मध्येच दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे आधार जोडलं, की पैसे तिकडे जायला लागतात. माझ्या तुकडीतल्या एका मुलाचे पैसे त्याने कधीच न वापरलेल्या खात्यात जात होते. त्याला वाटत होतं, आपला अर्जच नामंजूर झाला.

तपासायला दोन मिनिटं लागतात. माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा. लॉगिनला ओटीपी येतो, म्हणजे आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. बऱ्याच घरांत तो नंबर वडिलांच्या बंद पडलेल्या सिमचा असतो. आधी तो बदलून घ्या.

५. पायात काय, अंगावर काय

बूट पहिल्या दिवशीच हवेत. साधे स्पोर्ट्स शूज नकोत, सेफ्टी शूजच, पुढे पोलादी टोपी असलेले. आयएसआयचा शिक्का बघा, सेफ्टी शूजसाठीचं मानक आयएस १५२९८ आहे. बूट दुपारनंतर घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात, आणि जाड मोजे घालूनच मापून बघा. पहिल्या दिवसाआधी चार-पाच दिवस घरात आणि गल्लीत घालून फिरा. नवे बूट घालून पहिल्याच दिवशी सहा-सात तास उभं राहिलात तर टाचेला फोड येणारच.

मुलींनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. लहान मापाचे सेफ्टी शूज तालुक्याच्या दुकानात सहसा ठेवत नाहीत. दुकानदार "मोठा घ्या, पुढे कापूस भरा" म्हणेल. तसं करू नका. पाय आत सरकतो आणि पोलादी टोपीची कड बोटांना लागते. एमआयडीसीजवळच्या सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात मिळतात, नाहीतर मागवून घ्यावे लागतात. म्हणून आठ-दहा दिवस आधी बघा.

वर्कशॉपच्या गणवेशाचा रंग संस्थेची सूचना बघूनच ठरवा. आधी शिवून घेतला आणि रंग दुसरा निघाला, असं होतं. सूचना आली नसेल तर पहिल्या दिवशी जाड सुती पँट आणि बाह्या घट्ट बसणारा शर्ट घाला. शर्ट आत खोचलेला. नायलॉन, टेरिकॉटसारखं कापड नको, ते ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. ओढणी नको. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, मनगटावरचा दोरा घरी ठेवा. दोऱ्याचा विषय नाजूक असतो, आई म्हणते देवाचा आहे. मी आजीला ड्रिलिंग मशीन कसं फिरतं ते हाताने करून दाखवलं आणि तिनेच दोरा सोडवून देव्हाऱ्यात ठेवला. केस लांब असतील तर अंबाडा घालून वर टोपी किंवा घट्ट रुमाल. नुसती वेणी पुरेशी नाही, वाकलं की ती पुढे येते.

हातमोजे घेतले की आपण सुरक्षित, असं नवीन माणसाला वाटतं. फिरत्या मशीनवर हे उलटं असतं. ड्रिल आणि लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला तर हातासकट ओढला जातो.

६. पिशवीत काय

एक दोनशे पानी वही, पेन, एचबी पेन्सिल, खोडरबर, ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, पाण्याची बाटली, डबा, हात पुसायला जुनं सुती फडकं. बस्स. जर्नल (प्रात्यक्षिकांची वही), ड्रॉइंगचं सामान, पुस्तकं निदेशक सांगतील ती आणि तेव्हाच घ्या. पहिल्या आठवड्यात गेटबाहेरच्या दुकानात "पूर्ण फिटर किट" विकायला असतं. घेऊ नका. हत्यारं संस्थेच्या स्टोअरमधून मिळतात, आणि विकतच्या स्वस्त किटमधला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) काटकोनात असेलच याची खात्री नसते. चुकीच्या गुण्याने तपासलेला जॉब, म्हणजे आपण बनवलेला तुकडा, चुकीचाच होतो आणि आपला हात बिघडला असं उगाच वाटत राहतं.

डबा पोटभर न्या. उभं राहून काम केल्यावर जी भूक लागते ती शाळेच्या डब्यात भागत नाही.

७. जाणं-येणं

एकदा आधी जाऊन या, तेही सकाळच्या त्याच एसटीने. बहुतेक ठिकाणी आयटीआय गावाच्या कडेला असते आणि स्टँडवरून पुढे चालावं लागतं. एसटीच्या विद्यार्थी पासला संस्थेचं सही-शिक्क्याचं पत्र लागतं, लोकलच्या सवलतीच्या पासचंही तसंच. पहिल्या दिवशी कार्यालयात हे पत्र मागून ठेवा. पावसाचे दिवस असतात, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि मोज्यांची एक जादा जोडी जवळ ठेवा.

८. आत गेल्यावर

प्राचार्यांचं स्वागताचं भाषण होतं, ओळखपत्राचे फॉर्म भरतात, गटनिदेशक संस्थेचे नियम सांगतात. मग तुमचे शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे सर, तुम्हाला वर्कशॉपमध्ये नेतात. पुढची दोन वर्षं तुमचा सगळ्यात जास्त वेळ या माणसासोबत जाणार आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: तब्येतीचा काही त्रास असेल तर. चक्कर येणं, फिट, दमा, डोळ्यांचा नंबर, रंग ओळखता न येणं. लपवू नका. मशीनवर चक्कर आली तर काय होईल ते तुम्हीच बघा. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही घरून विचारून या.

शॉप फिरवताना तीन जागा डोळ्यांत साठवून घ्या: मेन स्विच, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं, पण मेन स्विच कुठे आहे ते विचारलं की निम्मी तुकडी इकडेतिकडे बघते.

आतली भाषा सुरुवातीला परकी वाटेल. लोखंडाचा तुकडा घेऊन जे बनवायचं तो 'जॉब'. कडेला राहिलेली धारदार किनार म्हणजे 'बर', ती हाताला कापते. मापं मिलिमीटरमध्येच शिकवतात, पण जुने कारागीर अजून 'सूत' म्हणतात, इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत ३ मिलिमीटरहून किंचित जास्त. कुणी "एक सूत घे" म्हणाला तर गोंधळू नका.

९. पहिली कानस

पहिल्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात तुमच्या हातात कानस आणि माइल्ड स्टीलचा एक तुकडा येईल. पुढचे कित्येक दिवस तेच. बरेच जण इथे कंटाळतात: एवढी मोठी मशीन्स उभी आहेत आणि आम्हाला लोखंड घासायला लावतात. मला हे अगदी मनापासून सांगायचं आहे की सगळा ट्रेड या घासण्यात आहे. पृष्ठभाग सपाट आहे की मध्ये फुगलाय, हे हाताला आणि डोळ्याला आधी इथे कळतं. ज्याला हे कळलं तोच माणूस पुढे फिटिंग करू शकतो.

काही गोष्टी आधी माहीत असल्या तर हात लवकर बसतो. मूठ नसलेली कानस कधीही धरू नका, तिचं टोकदार शेपूट तळव्यात घुसतं. व्हाइस तुमच्या कोपराच्या उंचीला हवा. तुमची उंची कमी असेल तर फळी मागा, लाजू नका, मी दोन वर्षं फळीवर उभी होते. डावा पाय पुढे, वजन दोन्ही पायांवर. जोर फक्त पुढे जाताना, परत येताना कानस नुसती सरकवायची. घासलेल्या पृष्ठभागावर बोट फिरवू नका. हाताचा घाम आणि तेलकटपणा लागला की त्या जागी कानस घसरते. लोखंडाचा कीस तोंडाने फुंकू नका, ब्रशने झाडा. फुंकलेला कण डोळ्यात जातो. कानशीच्या दात्यांत कीस अडकायला लागला तर खडू चोळा.

हॅक्सॉला (लोखंड कापायच्या करवतीला) ब्लेड लावताना दाते पुढच्या दिशेला. पहिल्या आठवड्यात प्रत्येक तुकडीत कुणीतरी ते उलटं लावतंच.

जॉब गुण्याला लावून उजेडात धरायचा आणि मधून प्रकाशाची फट दिसते का बघायची. पहिल्यांदा फट इतकी दिसते की रडू येतं. निदेशकांना दाखवायला घाबरून मुलं जॉब लपवतात आणि घासत घासत तो मापाच्या खाली नेतात. हा सगळ्यात वाईट सापळा आहे, कारण लोखंड काढता येतं, परत लावता येत नाही. फट दिसली की तिथेच थांबा आणि दाखवा.

१०. पहिला महिना आणि गणपती

सत्र साधारण ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतं आणि लगेच गणपती येतात. कोकणातली मुलं तर दहा-बारा दिवस गावी जातात. जा, पण सुट्टीला चिकटवून चार दिवस जास्त घेऊ नका. कानस, मार्किंग आणि करवतीचे पहिले जॉब याच काळात होतात, आणि ८० टक्क्यांच्या हजेरीचा हिशोब पहिल्या दिवसापासून चालू झालेला असतो.

११. पहिल्या दिवशी घरी आल्यावर

गणवेश घरच्या कपड्यांत टाकू नका, वेगळा भिजवा. त्यात लोखंडाचे कण असतात. हात साबणाआधी थोड्या खोबरेल तेलाने चोळा, काळा थर सुटतो. तळव्यावर फोड आला असेल तर फोडू नका, दुसऱ्या दिवशी निदेशकांना दाखवा आणि पट्टी लावून काम करा.

मग जेवण्याआधी वही उघडा. आज कोणती हत्यारं बघितली, त्यांची नावं, कशासाठी वापरतात, एखादं चित्र. सरांनी काही लिहायला सांगितलेलं नसलं तरी लिहा. दोन आठवड्यांनी जर्नल सुरू होईल तेव्हा बाकीची मुलं एकमेकांना विचारत असतील, खुणेचा ठिपका ठोकायच्या हत्यारांतला सेंटर पंच कोणता आणि डॉट पंच कोणता. तुमच्या वहीत ते लिहिलेलं असेल: सेंटर पंचाचं टोक ९० अंशांचं, डॉट पंचाचं ६०.

दुसऱ्या दिवशीचा डबा, बूट आणि कोरडे मोजे रात्रीच दाराशी ठेवा.